एचफोर भाऊ गेले

बाबा गेले ते पहाटे. पुतण्याने सातच्या आत सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज टाकला, आधार कार्डावरचं पूर्ण नाव, वय, अल्पशा आजाराने दुःखद निधन, अंत्ययात्रा राहत्या घरून दुपारी एक वाजता. व्यवस्थित मेसेज होता, फोटोपण लावला होता, पण फोटो पंचवीस वर्षांपूर्वीचा, काळ्या मिश्यांचा. अकरा वाजले तरी अंगणात गल्लीतलेच लोक. आजूबाजूच्या गावांतून कोणी नाही. ज्या माणसाने पन्नास वर्षं प्रत्येक गावच्या मयतीला हजेरी लावली त्याच्या मातीला माणसं नाहीत, मला ते पाहवत नव्हतं.

तेवढ्यात बाजूच्या गावातून एकाचा फोन आला, "कोन गेलं गा तुमच्या गावात? मेसेज आला, पन ओयखू नाई आलं." शेजारचे काका तिथेच बसले होते, त्यांनी माझ्या हातातला फोन घेतला आणि रडतच बोलले, "अरे एचफोर भाऊ गेले ना बावा. एचफोर." मग त्यांनी तेच व्हॉइस मेसेज करून पाठवलं, दहा सेकंदांचं. तासाभरात रस्ता भरला. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून माणसं आली, मोर्शीकडून गाड्या आल्या, एक वाजताची अंत्ययात्रा तीन वाजता निघाली कारण लोक येतच होते.

मी त्यांचा मुलगा. सातबाऱ्यावरचं, पासबुकावरचं, आधारवरचं नाव मला पाठ होतं आणि तेच नाव त्यांचं आहे असं मी धरून चाललो होतो. गावाच्या हिशोबाने ते नाव फक्त कागदाचं होतं.

तेरवीच्या दिवशी जेवणं झाल्यावर मी म्हाताऱ्या मंडळींना विचारलं की हे नाव पडलं कसं. चौघांनी चार गोष्टी सांगितल्या. त्यातली जी मला खरी वाटली, कारण सांगणारा स्वतः तिथे हजर होता, ती अशी. एचफोर म्हणजे हायब्रीड-४, कापसाचं वाण. सुरतच्या संशोधन केंद्रात डॉ. सी. टी. पटेलांनी १९७० मध्ये काढलेलं, व्यापारी लागवडीचं जगातलं पहिलं संकरित कापूस वाण. एकेका फुलाचं परागीकरण हाताने करावं लागायचं म्हणून बियाणं महाग. बाबांनी ते नाव पहिल्यांदा रेडिओवरच्या शेतीच्या कार्यक्रमात ऐकलं आणि गावात पहिल्यांदा लावलं, घरच्यांशी भांडून, आणि त्या वर्षी त्यांच्या तोंडी दुसरा शब्द नव्हता. मग एकाधिकार खरेदीचे दिवस, म्हणजे कापूस फक्त सरकारलाच विकायचा, १९७२ च्या पुढचे. खरेदी केंद्रावर बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची, मैलभर रांग. बाबा बंडी लावून चहा प्यायला गेले होते. कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर आला, त्याने विचारलं, हा माल कोणाचा? मागच्या बंडीवाल्याला वाटलं कोणता कापूस आहे ते विचारतोय. तो बोलला, "एचफोरचा." ग्रेडरने मान हलवली आणि मोठ्याने हाक मारली, "एचफोर कोण आहे? एचफोर, समोर या." अख्खी रांग हसली आणि बाबा चहाचा कप हातात धरून पळत आले.

बस, तिथे नाव पडलं. पुढे पन्नास वर्षं टिकलं. एचफोर वाण केव्हाच मागे पडलं, बीटी आलं, खरेदी केंद्राच्या जागेवर बाभळी उगवल्या, आणि नाव मात्र बाबांसोबत सरणापर्यंत गेलं.

आपल्या भाषेत हे फार नेमकं सांगून ठेवलंय. बारशाला नाव ठेवतात. लोक नावं ठेवतात, ते वेगळं. लग्नात नाव घेतात. पोरगं शिकलं की बापाचं नाव काढतं. पण असं नाव मात्र पडतं. पाऊस पडतो, वीज पडते, तसंच. कोणी ठरवून देत नाही, ज्याच्यावर पडतं त्याला विचारत नाही, आणि एकदा पडलं की उचलून बाजूला ठेवता येत नाही. म्हणून मला वाटतं अशा नावाबद्दल पहिला प्रश्न हाच की ते पडलं तेव्हा तिथे कोण उभं होतं.

त्या तेरवीनंतर मी वही केली. साधी दोनशे पानी. गावात कोणाचं नाव कसं पडलं, कोणी सांगितलं, सांगणारा तिथे होता की ऐकीव सांगतोय, हे सगळं लिहायचं. ही रीत मला सुचली ती रिद्धपूरमुळे. रिद्धपूर आमच्याच तालुक्यात. आता तिथे मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालंय. पण त्याच्याही आधी, तेराव्या शतकात, म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी जमवल्या त्या असंच, ज्यांनी पाहिलं त्यांच्याकडे जाऊन, विचारून, ताडून, आणि त्यातून लीळाचरित्र झालं. आपल्या भाषेतलं इतकं जुनं गद्य माणसांना विचारत फिरण्यातून आलं ही गोष्ट मला लहानपणी कोणी सांगितली असती तर बरं झालं असतं.

वही भरत गेली तसं एक दिसायला लागलं. नावावरून माणसाचं वय कळतं. विहीर खोदताना मातीचे थर लागतात तसे थर. सगळ्यात खाली, म्हणजे आता ऐंशीच्या पुढचे, त्यांची नावं वावरातली, जनावरांवरून, झाडांवरून. त्याच्यावर रेडिओचा थर, तिथे एक 'बिनाका' आहेत, रेडिओ सिलोनचं गाणं लागलं की हातातलं काम टाकून द्यायचे. मग १९७५ नंतरचा एक गब्बर. तो बिचारा अतिशय मवाळ माणूस, फक्त दाढी ठेवायचा आणि तंबाखू मळायचा. पण गंमत बघा, पडद्यावरच्या गब्बरचं नाव आलं चंबळच्या खऱ्या डाकूवरून, १९५० च्या दशकातल्या. म्हणजे चंबळच्या खोऱ्यातून निघालेलं नाव सिनेमात गेलं, तिथून अमरावतीच्या टॉकीजमध्ये आलं आणि आमच्या पानठेल्यावर येऊन खर्रा घोटायला बसलं. त्याच्यावर टीव्हीचा थर. १९८८ च्या ऑक्टोबरपासून दर रविवारी महाभारत, गावात दोनच टीव्ही, आणि ते संपेपर्यंत गावात शकुनी दोन झाले होते, एक मामा खरंच मामा होता म्हणून आणि दुसरा पत्त्यांमुळे.

काही नावं मी वहीत लिहिली नाहीत. एखाद्याच्या पायावरून, डोळ्यावरून, जातीवरून पडलेली. ती नावं मला माहीत आहेत, गावाला माहीत आहेत, आणि ज्यांच्यावर पडली त्यांनी ती आयुष्यभर खाली मान घालून वाहिली. त्यांची गोष्ट लिहायची तर त्यांनीच लिहावी, माझा तो हक्क नाही.

पण अशी नावं मानाची झालेलीही पाहिली की बरं वाटतं, आणि त्यासाठी कुठे लांब जायची गरज नाही. शेंडगावात १८७६ साली जन्मलेले डेबूजी झिंगराजी जाणोरकर. घर सोडलं, अंगावर चिंध्या, हातात झाडू, आणि डोक्यावर फुटक्या मडक्याचं गाडगं. त्यातच खायचं, तेच डोक्यावर. लोकांनी नाव काय दिलं? जे दिसलं ते. आमच्याकडे गाडगेबाबा, कुठे गोधडे बुवा, कुठे चिंधे बुवा. प्रत्येक मुलखाने त्याला जी वस्तू पहिली दिसली ती उचलली. आणि यावलीचे माणिक, १९०९ चा जन्म, गुरू आडकोजी महाराजांनी म्हटलं तुकड्या, भिक्षेच्या तुकड्यावरून, आणि पोराने तेच नाव भजनात घातलं, तुकड्यादास म्हणे. आता विचार करा. एक गाडगं, एक तुकडा. नागपूरचं विद्यापीठ राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या नावाचं आणि अमरावतीचं संत गाडगे बाबांच्या नावाचं. विदर्भातल्या लाखो पोरांच्या डिग्रीवर सगळ्यात वर जे नाव छापलेलं असतं ते कागदावरचं नाव नाहीच, ते रस्त्यावर पडलेलं नाव आहे. माझ्या डिग्रीवरही तेच आहे आणि मी हे चाळिशीनंतर पहिल्यांदा नीट वाचलं.

२०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि वर्षा-दोन वर्षांत गावात नवा थर बसायला लागला. शब्दांचा वेग असा की वही पुरेना. पोट्टे एकमेकांना नूब म्हणायला लागले, प्रो म्हणायला लागले, आता तर सिग्मा आणि ऑरा चालू आहे, आणि मीम शब्द तर माझी सहावीतली भाची असा वापरते जसा आपण सांबार म्हणतो (सांबार म्हणजे कोथिंबीर, हे विदर्भाबाहेरच्यांसाठी). तिला मी सांगितलं की हा शब्द १९७६ साली रिचर्ड डॉकिन्स नावाच्या जीवशास्त्रज्ञाने बनवला, गाणी, म्हणी, चालीरीती अशा गोष्टी एका डोक्यातून दुसऱ्या डोक्यात नक्कल होत कशा पसरतात ते सांगायला. ती बोलली, म्हणजे पोळ्याच्या झडत्या. एकदम बरोबर. बैल तोरणाखाली उभे असतात, कोणीतरी ओरडतं, "एक नमन कवडा पार्वती, हर बोला हर हर महादेव", आणि मग यमक जुळवलेल्या ओळींत सरपंचापासून सावकारापर्यंत कोणाचीही खेचून घ्यायची, ती झडती. आमच्या इकडची झडती दुसऱ्या पोळ्याला वीस कोस लांब ऐकू यायची, दोन शब्द बदलून. एका शब्दात मीमचं सगळं शास्त्र त्या पोरीने सांगून टाकलं.

आता बोट्याची गोष्ट सांगतो, ज्याच्यासाठी मुळात हे लिहायला बसलो.

आमच्या गावात एक पोरगा आहे, आता अठरा-एकोणीस वर्षांचा. बाप सालदार. म्हणजे गुढीपाडव्याला साल ठरतं, एका घरी वर्षभराचं काम, पहाटे शेणापासून रात्री वावरात ओलितापर्यंत. लॉकडाऊनमध्ये पोट्टे देवळाच्या ओट्यावर बसून पबजी खेळायचे. याच्याकडे जुना फोन, कोणीतरी दिलेला, गेम सुरू झाला की हँग व्हायचा. त्याचा माणूस गेममध्ये जागेवरच उभा राहायचा, गोळ्या लागल्या तरी हलायचा नाही. गेममध्ये नवख्यांसाठी कॉम्प्युटरने चालवलेली खोटी माणसं असतात, त्यांना बॉट म्हणतात, ते असेच ढिम्म. तर पोट्टे बोलले, अबे हा बॉट आहे. नाव पडलं. २०२० च्या सप्टेंबरात गेमवर बंदी आली, नाव राहिलं.

नाव पोट्ट्यांकडून घरात गेलं, घरातून बाजारात. म्हाताऱ्या लोकांना बॉट कसं समजणार, त्यांनी बोट केलं, मग बोट्या. एक दिवस मी बाजूच्या गावात पराटीच्या, म्हणजे कापसाच्या, फवारणीबद्दल बोलत बसलो होतो, तिथे एक गृहस्थ म्हणाले, "तो तुमच्या गावचा बोट्या, त्याचं बोट थ्रेशरमंधी गेलथं ना?" मी चाट पडलो. त्या पोराची दहाही बोटं शाबूत आहेत. पाच वर्षंही झाली नाहीत, नाव पाडणारे सगळे जिवंत आहेत, आणि दोन कोसांवर नावाची नवी गोष्ट तयार होऊन फिरायला लागली, थ्रेशरसकट, रक्तासकट. अजून तीस वर्षांनी त्याचा नातू हीच गोष्ट शपथेवर सांगेल.

हे फक्त आमच्याकडेच होतं असं नाही. टोपणनावाला इंग्रजीत निकनेम म्हणतात, तो शब्दच असा चुकीच्या ऐकण्यातून झालेला आहे. मूळ होतं एक-नेम, त्यातल्या 'एक'चा अर्थ 'आणखी', म्हणजे आणखी एक नाव, आपल्या आडनावासारखंच, मूळ नावाच्या आडून येणारं. त्याच्या मागच्या 'ॲन'मधला न लोकांनी पुढच्या शब्दाला जोडला आणि नेकनेम, निकनेम झालं. इमोजीचंही तसंच, सगळ्यांना वाटतं इमोशनवरून आला असेल, पण तो जपानी आहे, ए म्हणजे चित्र आणि मोजी म्हणजे अक्षर. आणि आपली आडनावं? बोबडे, वाकडे, आगलावे. कधीतरी कोणीतरी एक जण बोबडा होता, एकाने खरंच कुठेतरी आग लावली होती किंवा लावली नव्हती आणि त्याच्यावर आळ आला होता. शाळेच्या दाखल्यावर चढलं आणि पिढ्यान्पिढ्या पक्कं झालं. ती आग कुठे लागली होती ते आज त्या घरातल्या कोणालाही माहीत नाही.

बोट्याला मी घरी बोलावलं. वहीत त्याचं पान लिहायचं होतं, त्याच्या तोंडून. लिहिता लिहिता मी त्याला सांगितलं की बॉट हा रोबोट शब्दाचा तुकडा आहे, आणि रोबोट हा शब्द १९२० साली कारेल चापेक नावाच्या चेक लेखकाच्या नाटकातून आला, त्याला तो त्याच्या चित्रकार भावाने, योसेफने सुचवला होता. आणि चेक भाषेत रोबोटा म्हणजे वेठ. जमीनदाराच्या वावरात कुळांनी फुकट करायची सक्तीची मजुरी. आपल्याकडची वेठबिगार तीच.

तो बराच वेळ वहीकडे पाहत राहिला. मग हळू बोलला, "काका, मंग हे नाव माह्यं नाई. माह्या बापाचं हाय."

मी पेन खाली ठेवलं. त्याला हे सांगायला नको होतं की काय असं मला त्या रात्री झोपेपर्यंत वाटत राहिलं. दोन दिवसांनी तो स्वतःच आला आणि म्हणाला, "ते रोबोटावालं बी लिहून ठेवा. थ्रेशरवालं नोका लिहू." तसंच लिहिलं आहे. त्याच्या सहीसकट.

अशा नोंदी ठेवणारी माणसं जगात झाली म्हणून काही शब्दांच्या जन्मवेळा आपल्याला कळतात. आपण दिवसातून शंभरदा ओके म्हणतो. तो २३ मार्च १८३९ ला बोस्टनच्या एका पेपरात छापून आला होता, 'ऑल करेक्ट' मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगमध्ये लिहून त्याची आद्याक्षरं केलेली, तेव्हाच्या पोरांची फॅशन होती ती. ॲलन वॉकर रीड नावाच्या अभ्यासकाने जुन्या पेपरांच्या ढिगात बसून हे शोधून काढलं, सव्वाशे वर्षांनी. कॉम्प्युटरवरची स्मायली, दोन टिंबं, एक आडवी रेघ आणि कंस, ती स्कॉट फालमन या प्राध्यापकाने १९ सप्टेंबर १९८२ ला सुचवली, पण तो मूळ मेसेज हरवून गेला होता. वीस वर्षांनी, २००२ मध्ये, काही जणांनी विद्यापीठाच्या जुन्या बॅकअप टेपा खणून तो परत मिळवला. किती मेहनत, एका हसऱ्या तोंडासाठी! मला हे वाचून त्या माणसांबद्दल फार आपुलकी वाटली. आमच्या गावाच्या टेपा म्हणजे पारावर बसलेले सात-आठ म्हातारे, आणि मागच्या हिवाळ्यात त्यातले दोन गेले.

वहीचं एक मोठं भगदाड मला फार उशिरा दिसलं. एकशे चाळीस नावं झाली आणि त्यात बाई एकही नव्हती. गावात बायांना नाव पडतच नाही. लग्नात तांदळात अंगठीने नवं नाव लिहितात आणि मग तेही कोणी वापरत नाही. ती अमक्याची माय होते, नाहीतर नवऱ्याच्या नावाला 'ईन' लागतं, पाटलीन, मास्तरीन. माझी आई एचफोरीन. पन्नास वर्षं तिला गावाने एचफोरीन म्हटलं, त्या बियाण्याची एक सरकीही तिने पसंत केली नव्हती, ती तर भांडली होती त्या वर्षी. भाचीच्या पिढीच्या पोरी इन्स्टावर स्वतःचं नाव स्वतः ठेवतात, तिरपी-तारपी, मधे रेघा आणि आकडे घातलेली, घरचे रागावतात. मी नाही रागावत. त्यांच्या आजीच्या आजीपासून हे पहिलंच नाव असेल जे बाईने स्वतः निवडलं.

बाबांच्या नंतर आईला फोन घेऊन दिला. सेटिंग करताना व्हॉट्सॲपने नाव विचारलं. मी विचारलं, काय टाकू? आधारवरचं टाकू का? ती बोलली, ते नोको. एचफोरीन टाकू? काहीच बोलली नाही. पापड लाटत होती, लाटतच राहिली. मग म्हणाली, "मिलो टाक."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. मी म्हटलं, मिलो काय? तेव्हा तिने सांगितलं. ती लहान असताना दुष्काळात रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी मिळायची, तिला मिलो म्हणायचे. तिची भाकर कोणाला आवडायची नाही, जनावरांचं खाणं म्हणून लोक नाक मुरडायचे. "मले आवडे. मी एकटीच दोन-दोन भाकरी खाओ, गूळ लावून. मंग भावानं नाव पाडलं. लग्न झालं अन् ते नाव तिकडंच रायलं."

सत्तरीची बाई. मी तिचा मुलगा, गावभर वही घेऊन फिरलेला, आणि हे नाव मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होतो.

मी टाइप केलं. मिलो. मग तिने मामाचा नंबर लावायला सांगितला, आर्वीकडे राहतात, ऐकू कमी येतं, लिहिता येत नाही फारसं. तिने पहिला मेसेज पाठवला, नुसता हात जोडलेला. पाचेक मिनिटं काही नाही. तिने पिठाचे हात पदराला पुसून फोन परत पाहिला. मग व्हॉइस मेसेज आला, आधी नुसता खोकला, मागे कुठेतरी बंडीचा आवाज, आणि मग मामाचा थकलेला, मोठा आवाज.

"अवो, मिलो? तूच हाय काय वं?"